मागच्या डाव्या सीटखालचा पेला

आमच्या मिस्त्रींची एक सवय होती. कुठलीही गाडी आली की बॉनेटला हात लावण्याआधी ते स्टीलचे चार पेले काठोकाठ भरायचे, चारही सीटखाली एकेक ठेवायचे आणि खडकाळ रस्त्यावरून चक्कर मारून यायचे. जिथलं पाणी जास्त सांडेल तिथून कामाला सुरुवात. "माणूस खोटं बोलतो ताई, पाण्याला ते जमत नाही," म्हणायचे.

साठी उलटलेली, उजवा कान गेलेला. पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या चाकांवर बसतात त्या जुन्या लोखंडी कमानपाट्यांच्या चळती लावलेल्या आणि मधोमध हे एकटे. दुसरी सवय अशी, की एका चाकाचं काम पुरं होऊन ते जमिनीला टेकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचे नाहीत. दुप्पट वेळ लागतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. मिस्त्री ऐकू न येणारा कान पुढे करायचे.

मी गेले ती लेकीपायी. तिला आठवा महिना. जावई धरणावर नोकरीला, घर वरच्या वसाहतीत, दवाखाना खाली दीड तासावर. त्या रस्त्यावर जावयांची जुनी फोर व्हील ड्राइव्ह तेवढी टिकायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हादरे बसता कामा नयेत.

"आई, गाडी दणकट आहे," जावई म्हणाले.

"दणकट आहे म्हणूनच म्हणते. तुमच्या दणकटपणाने माझी कवळी जागची हलते."

मिस्त्रींनी चक्कर मारली, मी शेजारी बसले. परत आलो तर तीन पेले अर्ध्यावर. मागच्या डाव्या सीटखालचा पेला काठोकाठ. खालची रबरी चटई कोरडी.

मिस्त्री गाडीखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते चेहरा पुसतच.

"बाकी सगळं सरळ आहे," ते म्हणाले. "पाटे गंजून एकमेकांना चिकटलेत, रबरी बुश दगड झालेत, शॉकअप मेलेत आणि चाकांत हवा ट्रकएवढी. पाटे सोडवून घासतो, ग्रीस भरतो, बुश बदलतो. लोण्यासारखी चालेल."

"आणि सरळ नाही ते काय?"

"मागे डावीकडे एक पाटा जास्त आहे. म्हणजे ती बाजू सगळ्यात कडक. तिथलं पाणी पहिलं सांडायला हवं. आणि रिकामी गाडी तिकडून दोन बोटं वर उचललेली दिसायला हवी." त्यांनी गाडीकडे पाहिलं. गाडी सरळ उभी होती.

"तुम्हाला कसं कळलं जास्त आहे ते?"

"मीच घातलाय. त्यावर पंच ठोकून काढलेले तीन ठिपके आहेत, माझी खूण."

मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षांपूर्वी ही गाडी एका सुईणबाईंची होती. वरच्या वस्त्यांवरची बाळंतपणं त्याच करायच्या. देह असा जड, की मागे बसल्या की गाडी डावीकडे झुकायची. मिस्त्रींनी त्या बाजूला एक पाटा वाढवून दिला. पुढे एकदा गाडी फार आदळते म्हणून बाईंनी ती आणून सोडली. मिस्त्री तेव्हा तरुण. चारही चाकांचे पाटे एकदम सोडले, गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि जेवायला बसले. त्याच दुपारी माहेरी वर गेलेल्या त्यांच्या बायकोला कळा लागल्याचा निरोप आला. सुईणबाई पिशवी घेऊन शेडच्या दारात उभ्या आणि गाडीला पाय नाहीत.

"ती गेली. बाळही गेलं. बाई मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, एक खेप राहिली. पुढे त्याही वारल्या, गाडी विकली गेली."

मी गाडी परत न्यायची असं ठरवून टाकलं होतं. पण मग? लेकीला खाली आणायला दुसरं होतं काय? म्हटलं, करा काम.

तिसऱ्या दिवशी दुपारी जावयांचा फोन आला. कळा सुरू झाल्या, महिनाभर आधी. मी शेडमध्येच होते. तीन चाकं झाली होती, चौथ्याचा पाटा मिस्त्रींच्या हातात होता. मी ओरडून सांगितलं, त्यांनी तो लगेच बसवायला घेतला. अर्ध्या तासात चौथं चाक जमिनीवर होतं आणि मिस्त्री स्टिअरिंगवर.

वर पोचल्यावर मी लेकीसाठी मागे उजवीकडे उशा रचल्या. ती डावीकडेच बसली.

"तिकडे नको गं."

"आई, राहू दे ना. इथे ऊब आहे."

मी तिच्या शेजारी बसले, जावई पुढे. गाडी खरंच मऊ झाली होती, पण रस्ता शेवटी रस्ताच. मी दांडा धरून हेलकावे खात होते. लेक मान मागे टेकून शांत होती. वळणावर मी तिच्यावर कलले, ती कलली नाही. तिच्या कानातले डूलसुद्धा हलत नव्हते. मी सगळा वेळ त्या डुलांकडे बघत होते.

अंधार पडायच्या आत नात झाली. दोघी सुखरूप.

मिस्त्री दवाखान्याच्या आवारात उभे होते. मी सांगायला गेले तर त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं. मागची डावी बाजू दोन बोटं वर उचललेली होती.

"झाली खेप," ते म्हणाले. "आता तो पाटा काढतो."

"बाई उतरल्या कुठे पण?"

त्यांनी बहिरा कान पुढे केला.

महिना झाला. नात रडत नाही, दचकत नाही. पाळणा ढकलला की जड वाटतो, कुणीतरी दुसऱ्या बाजूने सांभाळून धरल्यासारखा. परवा लेक अंघोळीला गेली असताना मी पाळण्यात नातीच्या पायाशी काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि झोका दिला. चांगला जोरात दिला. थेंब सांडला नाही.

पाणी कुंडीत ओतलं आणि तशीच मिस्त्रींकडे जाऊन सांगितलं. ते पाटा घासत होते. मान वर न करता म्हणाले, "सांडलं असतं तर काळजी करायची, ताई."

लेकीला मी काही सांगितलेलं नाही. पाळण्याच्या डाव्या बाजूला मात्र मी बसत नाही.