पंगतीचं कलम

वर्धा जिल्ह्यात लग्नं लावणारे पुष्कळ होऊन गेले, पण ऐन अक्षतांच्या वेळी नुसतं गप्प उभं राहून सगळा मांडव ताटकळत ठेवण्याची ताकद एकाच माणसात होती, आणि तो माणूस माझा सासरा होता. एरवी ते वर्ध्याच्या कोर्टात चपराशी होते आणि लगीनसराईत रजा काढून क्लारनेट वाजवायचे. दोन्ही कामांना छाती लागते, आणि ती त्यांना दोन माणसांची मिळालेली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी "हाजिर होऽऽ" असा पुकारा केला की ज्याचा खटला असेल तो तर धावत येईच, पण समोरच्या लिंबाखाली चहा पीत बसलेले दोन-चार निरपराधही दचकून उभे राहत. त्याच छातीतून संध्याकाळी क्लारनेट निघे, तेव्हा मात्र तो आवाज इतका मऊ होई की नालवाडीच्या आमच्या वस्तीतली तान्ही पोरं झोपी जात. मी त्यांना मामाजी म्हणत असे, आणि माझं ऐकून त्यांची बँडपार्टीही तेच म्हणे. ते मला जवाईबापू म्हणत, आणि रागावले की गुरुजी म्हणत, कारण मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. सुट्टीत मी त्यांच्या बँडपार्टीत झांज वाजवायचो. झांजच का, असं मी एकदा विचारलं होतं. "तिले सूर नसते, बापा," ते म्हणाले, "म्हनून."

कोर्टाच्या दाराशी वर्षानुवर्षं उभं राहून मामाजींनी सगळ्या कायद्यातून एकच सार काढलं होतं: जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही. आमच्या भागात बँड ठरायचा तो सुपारीवर. यजमान येई, सुपारी आणि वर एखादा रुपया हातावर ठेवी, की झालं. पुढे किती वाजवायचं, कुठवर वाजवायचं, पैसे कधी मिळायचे, हे सगळं यजमानाच्या मर्जीवर आणि व्याह्यांशी झालेल्या भांडणावर अवलंबून. मामाजी सुपारी घेत, खिशात टाकत आणि म्हणत, "हे झालं तोंड रंगवाले. आता कागद काढू." मग मला बोलावणं येई. मी लिहायचं आणि त्यांनी सांगायचं. 'लिहून देणार' म्हणजे यजमान, 'लिहून घेणार' म्हणजे मामाजी, खाली दोन साक्षीदार, आणि तिकीट चिकटवून त्यावर सही किंवा अंगठा. मी कुठे एखादा शब्द बदलायला गेलो की ते म्हणत, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाये, तेवढंच द्या." माझ्या लग्नाआधी त्यांनी माझ्याकडून काय काय लिहून घेतलं ते मी इथे सांगणार नाही, अजून पाळतो आहे, एवढं मात्र सांगतो.

दर लग्नाबरोबर कलमं वाढत गेली. एखाद्या मांडवात नवा त्रास झाला की पुढच्या करारात त्याचं कलम व्हायचं. एका वरातीत नवरदेवाचे मोठे मेव्हणे झिंगून आमच्या ढोलावरच बसले, तेव्हापासून 'वाद्यावर कोणीही पाहुणा बसणार नाही. बसल्यास चामड्याचा खर्च लिहून देणार सोसतील' हे आलं. एकाने जवळचा रस्ता म्हणून वरात नांगरलेल्या वावरातून नेली. ढेकळांवर ठेचकाळत वाजवताना क्लारनेट मामाजींच्या दातावर आदळलं, आणि वरात सडकेनेच जाईल असं ठरलं. सिनेमातलं गाणं मागितल्यास जास्तीचे पैसे. तेच गाणं तिसऱ्यांदा मागितल्यास आणखी जास्तीचे, कारण त्याने वाजवणाऱ्याचं डोकं उठतं. एका यजमानाने तर जेवणाच्या वेळी तुम्ही मधेच थांबलात, असं म्हणून पैसे कापले होते. मामाजींनी लगेच आठवं कलम घातलं: 'पहिली पंगत उठेपर्यंत वाजवणं चालू राहील, आणि त्यानंतर एक सूरही निघणार नाही.' ते कलम त्यांना फार आवडायचं. काम कुठे संपतं हे एकदा लिहून ठेवलं की माणूस मालक होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळ्यांत गाजलं ते पाचवं कलम. उरलेले पैसे शेवटच्या मंगलाष्टकाच्या आत मिळाले पाहिजेत. एका लग्नात भटजी 'सावधान' म्हणाले, अक्षता पडल्या, आणि वाजंत्री वाजलीच नाही. नवरदेव हार उचललेल्या हाताने तसाच उभा. वधूपिता धापा टाकत आला, "अवो वाजवा ना जी, काऊन उभे हा?" मामाजी क्लारनेट छातीशी धरून अदबीने म्हणाले, "वाजवतो ना जी. पाचवं कलम राहून गेलं वाटते." त्या गृहस्थांनी भर मांडवात कमरेचा कसा सोडला. पैसे हातात पडताच मामाजींनी असा काही सूर लावला की मघाशी शिव्या देणारी म्हातारी माणसंही माना डोलवायला लागली. लोक चिडत, पुन्हा या माणसाला बोलवणार नाही म्हणत, आणि पुढच्या सराईला त्याच गावातून माणूस येई. तसं वाजवणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता, हे खरं.

पण एक कलम असं होतं की त्यात मामाजी गंमत चालू देत नसत. वाजवणं हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. मामाजींचे वडील सनई वाजवायचे. दिवसभर वाजवून झालं की त्यांना गोठ्यामागे बसवत, आणि सगळ्या पंगती उठल्यावर पत्रावळींवर उरलेलं त्यांच्या फडक्यात ओतत. लहानपणी ते फडकं घरी आलं की त्यातल्या गोडाने मामाजींना आनंद व्हायचा. मोठेपणी त्या आनंदाची त्यांना इतकी लाज वाटायची की गोड पदार्थ ते खातच नसत. पुढे आम्ही सगळे नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो आणि वस्तीत बैठक बसली. जुनी कामं सोडायची हे ठरलंच होतं. तरुण पोरं म्हणाली, ढोल-ताशेही सोडा, वरच्या जातींच्या दारात जाऊन वाजवणं नको. ती चूक म्हणत होती असं मला आजही वाटत नाही. मामाजी उठले. "वाजवनं मी सोडनार नाई," ते म्हणाले. "ते माह्या बापाचं हाये. हात पसरनं सोडलं ना आपन? मग झालं." वस्तीतले एक वयस्कर पुढारी म्हणाले, "ठीक हाये. ते तुमाले पंगतीत बसवतीन तर वाजवा. या सराईत एका तरी लग्नात पहिल्या पंगतीत बसून दाखवा. नाई जमलं तर ढोल खुंटीले." मामाजी म्हणाले, "कबूल."

त्या सराईच्या करारात नववं कलम आलं: 'वाजवणारे पहिल्या पंगतीत, सर्वांच्या ओळीत बसून जेवतील.' यजमान येत, आठ कलमं हसत ऐकत, आणि नववं ऐकलं की त्यांना एकाएकी दुसऱ्या बँडची आठवण होई. अर्धी सराई अशीच कोरडी गेली. आमचा ढोलवाला कुरकुरू लागला, "मामाजी, कलम खाऊन पोट भरते का?" "नाई भरत," मामाजी म्हणाले, "पन गोठ्यामागं बसूनबी भरत नाई." ताशेवाला कापसाच्या जिनात मजुरीला जायच्या गोष्टी बोलू लागला. मामाजी रोज संध्याकाळी तितकाच वेळ क्लारनेट घासून पुसून वाजवत बसायचे. एकही शब्द खोडायला ते तयार नव्हते.

मग नाचणगावापलीकडच्या एका गावचे जुने मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार, आले. मालगुजारी सरकारने काढून घेतली होती, नाव तेवढं राहिलं होतं. खादी घालायचे, सभेत समतेवर बोलायचे, आणि बोलायचे ते मनापासून. मुलीचं लग्न होतं. नववं कलम ऐकून ते क्षणभर थांबले, आणि खाली सही केली. सही वाळेपर्यंत मामाजी त्या कागदावर फुंकर घालत होते.

लग्न सकाळचं होतं. वरात सडकेने आली, ढोलावर कोणी बसलं नाही, पाचव्या कलमाचे पैसे मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच मिळाले. सगळं इतकं कलमाबरहुकूम चाललं होतं की मामाजी थोडे अस्वस्थच झाले. पानं मांडायची वेळ झाली तेव्हा मालगुजार आमच्याकडे आले. मागे त्यांचे थोरले भाऊ आणि भावकीतली दोन-तीन माणसं, तोंडं वाकडी करून. मालगुजारांच्या हातात कराराची त्यांची प्रत होती. "हे पाहा जी," ते म्हणाले, "मी सही केली हाये, मी नाई म्हनत नाई. पन तुमचं आठवं कलम म्हनते, पहिली पंगत उठेपर्यंत वाजवनं चालू राहीन. नववं म्हनते, पहिल्या पंगतीत बसान. आता बसून वाजवसान का वाजवून जेवसान, तुमीच सांगा." भाऊ मागून हसला.

मामाजींनी कागद घेतला. दोन्ही कलमं वाचली, पुन्हा वाचली. आयुष्यभर त्यांनी एकेक छिद्र बुजवत आणलं होतं, आणि हे भगदाड त्यांचं स्वतःचं होतं. मालगुजारांनाच वाईट वाटलं. ते म्हणाले, "दुसऱ्या पंगतीत बसा ना जी. मी सोता वाढतो." ढोलवाल्याने माझ्याकडे पाहिलं. आम्ही सगळे दुसऱ्या पंगतीला राजी होतो; भूकही लागली होती. मामाजींनी शांतपणे विचारलं, "दुसऱ्या पंगतीत आमच्या बाजूले कोन बसनार हाये जी?" मालगुजारांनी मागे उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. भावाने मान फिरवली.

"लिहिलं ते लिहिलं," मामाजी म्हणाले. "पंगत उठेपर्यंत वाजवनं चालू राहीन. किती जनांनी वाजवाचं, हे कुठं लिहिलं नाई. मी एकटा वाजवतो. हे लोकं बसतीन." आम्ही हललो नाही. तेव्हा ते कोर्टातल्या आवाजात ओरडले, "बसा!" आणि मांडवातली वऱ्हाडीमंडळीसुद्धा दोन-चार खाली बसली.

मालगुजार वाढप्यांकडे वळून म्हणाले, "पत्रावळी मांडा. ओळीतच मांडा." आम्ही बसलो. ओळीतून चार-पाच माणसं उठून गेली. थोरले भाऊही निघून गेले. बाकीची बसून राहिली. कोणी अवघडून, कोणी सरळ. माझ्या शेजारी मुलाकडचा एक म्हातारा होता, त्याने मला मीठ सरकवलं. आणि मांडवाच्या खांबाशी मामाजी उभे होते. ढोल नाही, ताशा नाही, नुसतं क्लारनेट. आधाराला काही नसताना तेवढा वेळ एकट्याने वाजवणं किती कठीण हे झांज वाजवणाऱ्यालाही कळतं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. दर दोन दमांमधे ते आमच्या पत्रावळींकडे पाहत. शेवटचा माणूस आचवायला उठला आणि सूर थांबला.

मालगुजार स्वतः ताट घेऊन आले. "आता तुमी बसा जी, इथं ओसरीवर." मामाजींनी क्लारनेट फडक्यात गुंडाळलं. हात जोडून म्हणाले, "तुमी कलम पाळलं, तुमचे उपकार हायेत. पन कागदावर पंगत हाये जी, ताट नाई." मालगुजारांनी ताट खाली ठेवलं आणि त्यांनीही हात जोडले.

पुलगावच्या वाटेवर नदीच्या रपट्यावर, ठेंगण्या पुलावर, आम्ही टेकलो. दिवस कलला होता. सासूबाईंचा कलमांवर कधीच विश्वास नव्हता. त्या दर लग्नाला भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून देत. मामाजींनी पोटली सोडली. ढोलवाला आणि ताशेवाला, आता ढोल खुंटीला लागत नाही म्हणून, पुढे बसून मोठमोठ्याने हसत होते. मला मात्र हसू येईना. मी म्हणालो, "मामाजी, उद्या आठवं कलम खोडतो."

"खोडा," ते म्हणाले. भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "भाजी कायची होती?"

"वांग्याची."

"गरम होती?"

"गरम होती."

"आन गोड?"

"बुंदीचा लाडू. मालगुजार सोता वाढत होते."

मामाजींनी घास हातातच धरला. "एकच वाढला का आग्रह केला?"

"केला. मी नको म्हनलं होतं."

"नको म्हनलं तरी वाढला?"

"पत्रावळीवर हात आडवा धरला होता, मामाजी. हात बाजूले करून वाढला."

मामाजींनी तोंड नदीकडे फिरवलं आणि बराच वेळ तो एकच घास चावत राहिले. मामाजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पोट कितीही रिकामं असलं तरी पंगतीत लाडू आला की मी अजूनही एकदा पत्रावळीवर हात आडवा धरतो.