पाय पुढे करायचे

चौकशीची खोड मला जन्माची. १९६३ साली इस्राएलमधल्या हैफात मी ख्रिस्ती नन्सच्या वृद्धाश्रमात धुणं धुवायला जात असे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यामुळे नन्स काय खातात, झोपतात कशावर, सगळंच मला नवल. घरी मात्र एका गोष्टीची चौकशी चालत नसे: सासूबाईंचा पाय.

इथल्या थंडीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले. बुटानं अंगठ्याला जखम केली, त्यात त्यांना डायबिटीस. मी गरम पाणी घेऊन जवळ गेले की, "मी काय पांगळी झाल्ये गो? ऊठ तिथून!" मोज्याला वास यायला लागला, तरी काढायच्या नाहीत. नवरा बंदरावरून आला की नुसता माझ्याकडे बघायचा. पाय जाणार, या भीतीनं माझा जीव खालीवर होत होता.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आश्रमाच्या मोठ्या मदरनी गुडघे टेकून बारा म्हाताऱ्यांचे पाय धुतले. सत्तरी उलटलेली बाई! मी दारात उभी राहून सगळं बघितलं. मंडळी गेल्यावर मी पाणी ओतायला आत गेले, तर धुण्याच्या सोड्यानं फुटलेल्या माझ्या टाचा त्यांना दिसल्या.

"बस," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "प्रार्थना संपली. आता हे नुसतं पाणी."

मी पाय मागे ओढला. वडीलधाऱ्या माणसानं आपल्या पायाला हात लावायचा? "मला पाप लागेल. मीच तुमचे धुते," मी म्हणाले.

त्या हसल्या. "येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला, तेव्हा एक शिष्यही असाच नको म्हणाला होता. मला वाकायला सोपं जातं. खुर्चीत बसायची वेळ आली की माझंही तुझ्यासारखंच होतं."

मी नाहीच बसले. पण बसमध्ये डोक्यात तेच. सासूबाईंपुढे मी रोज वाकत होते, पण त्यांच्याकडून कधी काय घेतलं? स्वयंपाक माझा, बाजार माझा, हिब्रू बोलायचं तर मीच. त्यांच्या हाती मी काही ठेवलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

घरी आल्यावर मुंबईहून आणलेल्या पितळी घंगाळात पाणी ओतलं आणि स्वतःचेच पाय बुडवले. "आई, टाचा फार दुखतात. जरा चोळून द्याल?"

नवऱ्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

"सासूला पाय धुवायला सांगत्येस? लाज नाय वाटत?" असं म्हणत सासूबाई खाली बसल्या. खोबरेल मागितलं. टाचा चोळता चोळता म्हणाल्या, "केवढ्या भेगा या! बोलली का नायस?"

"तुम्ही तरी कुठे बोलता?"

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी स्वतःच मोजा काढला. अंगठा काळा पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना दवाखान्यात नेलं. अंगठा गेला, पाय वाचला.

जखम भरल्यावर दर शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावण्याआधी, आमचं घंगाळ भरायचं. त्यांचे पाय मी धुवायची, पण आधी माझे त्या धुणार, असा त्यांचा हुकूम. "आण इकडे," त्या म्हणायच्या, आणि मी मुकाट्यानं पाय पुढे करायची. ते मला शेवटपर्यंत अवघडच गेलं.