गिरणीवालीचे पाच चेहरे

फोनवर खेळायची गोष्ट लिहायचं काम मला मिळालं तेव्हा मी अकोल्यात जठारपेठेत राहत होते. दर शुक्रवारी एक भाग निघायचा, असे सहा भाग. वाचणाऱ्याने नायकाच्या वतीने निवड करायची, की गोष्ट तिकडे वळणार. नायक पुण्याहून आमच्या वऱ्हाडातल्या एका गावात आलेला तरुण अधिकारी. गावातलं बियाणं उगवलेलं नाही, ते बोगस कोणी विकलं हे त्याने शोधायचं.

बाकीची माणसं 'सहाय्यक'. चित्रांत नायकाला सात चेहरे, रागाचा, हसण्याचा, विचारात पडल्याचा, सहाय्यकाला एक. पिठाच्या गिरणीवालीच्या वाट्याला एक चेहरा आणि एकच वाक्य होतं, "या साहेब, बसा."

मी तिला काम दिलं. दुकानदाराचा माणूस हरभऱ्याची डाळ दळायला आणतो, तीही बियाण्याच्या नव्याकोऱ्या छापील थैलीत. थैलीच्या तोंडाला शिलाईची खूणसुद्धा नाही, म्हणजे ती आधी कधी भरलेलीच नाही. म्हणजे थैल्या रिकाम्या येतात आणि दुकानदार घरीच भरतो. हे फक्त गिरणीवालीच्या लक्षात येतं आणि ती थैली ठेवून घेते. तिने ती ठेवली नसती तर अधिकारी काय डोंबल निवडणार होता?

तिसरा भाग गेल्यावर गोष्ट काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांचा पुण्याहून फोन आला.

"बाई छान जमलीय. आता चौथ्या भागात तिचा नवरा गळफास घेतो. नायक पेटून उठतो."

"नायकाला पेटवायला तिचा नवरा कशाला मारायचा?"

"विदर्भ आहे ना मॅडम. लोकांची तीच अपेक्षा असते."

माझी मावशी बाळापूरजवळच्या खेड्यात खरोखरच गिरणी चालवते. तिचे यजमान, आमचे काका, शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत तसेच गेले होते. कॅमेरेवाले आले, त्यांनी तिला हार घातलेल्या फोटोखाली बसवलं आणि रडायला सांगितलं. ती म्हणाली होती, "मी गिरणी चालवून राहिली, त्याचा फोटो काढा ना." तो फोटो कोणीच काढला नाही.

मी साहेबांना म्हटलं, "तो मरणार नाही. मारायचा असेल तर दुसरं कोणी लिहायला बघा."

दुसरं कोणी इतक्या लवकर मिळणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

चित्रं काढणारी अमरावतीची होती. तिची-माझी ओळख फोनवरचीच. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एका चेहऱ्यावर बाई सहा भाग कशी जगेल? मी आणखी चार काढते. विचारलं तर सांगेन, मीच काढले."

रविवारी मी मावशीकडे गेले. दळण आटोपल्यावर तिने गिरणीचा पट्टा थांबवला आणि मी शेवटचा भाग वाचून दाखवला. त्यात गिरणीवाली थैली अधिकाऱ्याच्या हाती देते आणि तो ग्रामसभेत दुकानदाराला उघडं पाडतो.

मावशीने अंगावरचं पीठ झटकलं. "थैली तिनं ठेवली, मंग त्या पोराले काहून देऊन राहिली? तिले तोंड नाही काय?"

साहेबांशी इतकी भांडले होते, आणि ऐन वेळी मीच गिरणीवालीला गप्प बसवलं होतं.

घरी येऊन मी तो भाग नव्याने लिहिला. ग्रामसभेत गिरणीवाली स्वतः उभी राहते. अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा, तिला बोलू द्यायचं किंवा मध्येच माइक घ्यायचा. मी तो भाग मुद्दामच शुक्रवारी दुपारी पाठवला, बदलायला वेळच उरू नये म्हणून.

बहुतेक वाचणाऱ्यांनी तिला बोलू दिलं. ज्यांनी माइक घेतला, त्यांच्या हातून दुकानदार सुटला. तसं मीच लिहिलं होतं.

साहेबांनी फोनवर भाग चांगला चालल्याचं कबूल केलं आणि पुढे म्हणाले, "पण तुम्ही ऐकत नाही." त्यानंतर त्यांनी ना मला काम दिलं, ना अमरावतीच्या मुलीला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पुन्हा शिकवण्या धरल्या. पण त्या वर्षांत आमच्याकडची माणसं मारून ज्यांनी ज्यांनी आपल्या गोष्टी पुढे रेटल्या, त्यांना माझ्या हातून एकही मढं मिळालं नाही.