सातव्या रांगेतला म्हातारा

इंग्लंडमधल्या लँकशायरच्या आमच्या खाणगावात वाचनालय बांधणाऱ्याचा माणसांवर भरवसा नसावा. घुमटाखाली मधोमध उंच चौथरा, त्यावर टेबल, आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या भोवती पुस्तकांच्या रांगा. एका जागी बसून साऱ्यांचे हात दिसावेत म्हणून. ग्रंथपाल हिल्डा एन्टविसल तिथे बावीस वर्षं बसली. उभ्याने पेपर वाचणाऱ्यांतही तिला चोर दिसत.

फक्त सातव्या रांगेचं टोक लोखंडी खांबाआड जाई, आणि त्या हिवाळ्यात नेमकी तिथूनच चार पुस्तकं नाहीशी झाली. समितीने बजावलं, पाचवं गेलं तर रांगांना पुन्हा जाळ्या आणि कुलपं लागतील. हिल्डाला ते नको होतं. खाणीतून आलेला माणूस हात धुऊन स्वतःच्या हाताने पुस्तक निवडतो, हे त्या संशयी बाईला मनापासून आवडायचं.

तिचा डोळा सेथ ग्रिमशॉवर होता. हा म्हातारा गवंडी रोज दुपारी ढगळ कोट घालून खांबाआड जाई आणि एकही पुस्तक न घेता परते. पुस्तक न्यायचं नाही, तर येतो कशाला? दोनदा ती दबकत गेली. दोन्ही वेळा तो फळीत हात घालून उभा. मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक गेलं, त्या दुपारी मात्र तिने त्याला गाठलंच.

"मिस्टर ग्रिमशॉ, कोट उघडा."

"उघडतो, बाई. आधी इथे हात घाला."

त्याने खालच्या फळीवरची पुस्तकं बाजूला केली. फळी आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट पडली होती. हिल्डाने कोपरापर्यंत हात घातला. धुळीतून मधमाश्यांचं पुस्तक वर आलं, मागोमाग बाकीची चारही. भिंतीत भेग होती. भेगेवर सेथने काचेची पट्टी चिकटवली होती, ती मधोमध तडकलेली.

"ही भिंत मीच रचली," तो म्हणाला. "खालचा कोळसा काढला, तशी सरकायला लागली. काच तडकली तर सांगायचं, असं ठरवलं होतं. आज तडकली."

"आणि इतके दिवस गप्प राहिलात?"

"स्वतःच्या भिंतीची बदनामी कोण करतं, बाई?"

हिल्डा संतापली, त्याच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. बावीस वर्षं तिने माणसांचे हात पाहिले, भिंतीकडे पाहिलं नाही. तिने घंटा वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं. सवयीने दारात प्रत्येकाचा कोट मात्र तपासला.

शेवटी सेथ आला आणि आपणहून कोट उघडून उभा राहिला. बाहेर बर्फ पडत होता. हिल्डाने पाचही पुस्तकं काखेत धरली आणि त्याची बटणं एकेक करून लावून दिली.