हिरापर्यंत न पोचलेला सांगावा

हिरा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, ती मीच सगळ्यांना दिली. सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. शहापूरहून कल्याणकडे निघालेली ॲम्ब्युलन्स हायवेवर ट्रकांच्या रांगेत अडकून उभी होती. आत स्ट्रेचरवर हिरा, आणि शेजारी तिचा हात धरून मी. जन्मभर दुसऱ्यांच्या नाड्या बघितलेली बाई त्या वेळी दोन बोटं मनगटावर ठेवून स्वतःचीच नाडी बघत होती. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता, तर म्हणाली, "मंदे, त्याला म्हणावं घाई नको करू. तो बिचारा तरी काय करंल." त्यानंतर ती काही बोलली नाही. सोबतच्या डॉक्टरने मान हलवली तेव्हाही गाडी होती तिथेच उभी होती. मी खाली उतरले आणि तिच्या मुलाला, महेशला, फोन लावायचा धीर होईना म्हणून सुनेला लावला. रुपाली पलीकडून एवढंच म्हणाली, "मावशी, आई इथं असत्या तर..." आणि फोन बंद झाला. त्या अर्ध्या वाक्यावर मी गेले सहा आठवडे काढले आहेत.

आमची ओळख चाळीस वर्षांची. मी शहापूरची, नवी नवी मास्तरीण होऊन मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याजवळच्या एका गावात गेले, तेव्हा हिरा तिथल्या उपकेंद्रात नर्स होती. ती मुरबाडकडचीच, भातशेतीवाल्या घरातली, चिखलात उभं राहायची सवय असलेली. मी मात्र पहिल्याच आठवड्यात बांधावरून घसरून पडले. पाय मुरगळला, तो तिने बांधला आणि बांधता बांधता इतकं हसली की मला रडू आलं. मग आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली. माझा स्वभाव तिरसट, तिचा फटकळ, भांडणं रोजची. पण भाकरी तिची आणि कालवण माझं, हे ठरलेलं. लसीचा डबा खांद्याला लावून ती डोंगरावरच्या वाड्यांवर जायची, संध्याकाळी येऊन दारात पाय सोडून बसायची आणि म्हणायची, "तू हातावर छडी मारतेस, मी दंडावर सुई टोचते. आपल्या दोगींना बघून गावातली पोरं रडतात, दुसरी काय कमाई हाय गो आपली?"

आमच्या भागात एक रीत आहे. सासू-सुनेचं खरं महत्त्वाचं बोलणं समोरासमोर होत नाही, ते तिसऱ्या बाईच्या तोंडून जातं. सुनेला माहेरी जायचं असो, सासूला वेगळी चूल मांडायची असो, मध्ये एक भरवशाची बाई घालायची आणि तिच्याकडे सांगावा द्यायचा. समोर बोललं की शब्दाने शब्द वाढतो, ही भीती. हिरा सगळ्या पंचक्रोशीची अशी बाई झाली होती. एकदा एका वाडीवरच्या सुनेचा सांगावा घेऊन ती निघाली, मीही बरोबर होते. सुनेला आठवा महिना लागलेला आणि सासू लाकडाच्या मोळ्या आणायला लावत होती. हिरा ओट्यावर बसली, काळा चहा प्यायली आणि म्हणाली, "तुझी सून सांगती, तिच्या पोटात दुखतं, मोळी उचलवत नाय. तिनं एवढंच सांगितलंय, मी एवढंच सांगते." परत येताना मी चिडून म्हटलं, अगं, तू नर्स ना, चार शब्द सुनावायचे होतेस त्या म्हातारीला! तर म्हणाली, "ते मी उद्या सुनवीन, नर्स म्हणून. आज सांगावा होता. दुसऱ्याची वस्तू ती. दिली तशी द्यायची, आपलं कायपण त्यात टाकायचं नाय नि काढायचंपण नाय."

पुढे माझं लग्न झालं, मी बदली घेऊन शहापूरला परतले. तिचं लग्न झालं आणि महेश शाळेत असतानाच नवरा गेला. तिने नोकरी, पोरगा आणि सरकारी क्वार्टर एवढंच धरून ठेवलं. महेश शिकला, दादरला घर घेतलं, रुपालीशी लग्न केलं. मग हिरा रिटायर झाली आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. सासरचं घर दिराकडे, तिथे तिला जायचं नव्हतं. राहिल्या दोन जागा. एक महेशचं दादरचं घर, ऐन शहरात, दवाखाने आणि बाजार पायाखाली, पण खोल्या म्हणजे पलंग ठेवला की संपल्या. दुसरी शहापूरच्या आसनगाव स्टेशनच्या बाजूला, नव्या इमारतीत तळमजल्यावरची, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्या वर्षी माझे मिस्टर जाऊन तीन वर्षं होत होती, मुलगी बंगलोरला. दुपारी घरात भांडं पडलं तरी "काय गं पडलं" विचारणारं कुणी नव्हतं. हिरा शहापूरला यावी म्हणून मी जिवाचं रान केलं. दादरला श्वास कोंडेल म्हटलं, शेजारी ओळख देत नाहीत म्हटलं. "शहापूर काय जंगल आहे का? फास्ट लोकल आहे, पास काढ, वाटलं की जा मुलाकडे!" मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे मुरबाडच्या माणसाला आसनगावचं स्टेशन दिसलं की मुंबई आलीच असं वाटतं. लोकल पोचते तिथवर मुंबई, असा आमचा भूगोल. छातीत कळ आलेलं माणूस लोकलच्या टाइमावर जात नाही, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. एक नर्स आणि एक मास्तरीण!

पण हिराचं घोडं तिथे अडलेलं नव्हतंच. ती म्हणाली, "घर ल्हान का मोठं, मला काय करायचंय? महेश बोलावणारच, पोरगा हाय तो. मला फकस्त कळायला पायजे, रुपालीला मी मनापासून पायजे का नाय. माझ्यासमोर ती हो म्हणंल, त्याला अर्थ नाय. तू जरा काढून घे तिच्याकडनं." म्हणजे तिने मला मध्ये घातलं. आम्ही दोघी दादरला गेलो. महेश आईला घर दाखवत होता, मी स्वयंपाकघरात गेले. रुपाली पोळ्या लाटत होती. मी विषय काढायच्या आत तीच हलक्या आवाजात म्हणाली, "मंदामावशी, आईंना तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर त्यांना वाटेल महेशने पढवून ठेवलंय. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. कामावरून घरी आलं की 'आलीस का' म्हणणारं माणूस मला कधी मिळालं नाही. त्यांना म्हणावं, जागा लहान आहे, पण मला त्या हव्या आहेत. मला." तव्यावरची पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, सांगते हो.

परत निघालो. स्टेशनवर गाडीला वेळ होता, बाकड्यावर बसलो. हिरा समोर बघत म्हणाली, "काय म्हणली?"

मी म्हटलं, "काय म्हणणार, या म्हणाली."

"कशी म्हणली?"

"म्हणाली आपली... म्हणतात तसं."

बस, एवढंच. बघायला गेलं तर त्यात एक शब्द खोटा नव्हता. हिरा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "बरं. मग शहापूरच बरं. तू हायेस." मला आनंद झाला, तो मी आज लपवणार नाही. घरी येऊन मी शिरा केला. दोघींनी खाल्ला.

दोन वर्षं आम्ही शेजारी राहिलो. माझं बोलायचं तर, त्या दोन वर्षांत मी पुन्हा माणसात आले. सकाळी ती फिरायला हाक मारायची, संध्याकाळी तिच्या दारात इमारतीतल्या बाया बीपी तपासून घ्यायला बसायच्या आणि ती एकेकीला मिठावरून झापायची. बाजारात भाजीवाल्याशी भांडायची, मग त्याच्याच पोरीला औषध सांगायची. सगळं बरं चाललं होतं... पण रुपाली महिन्यातून दोनदा शनिवारी यायची. सोबत काही ना काही करून आणायची, आणि जेवणं झाली की हिराला खाली बसवून तिच्या केसांना तेल लावायची. ती गेल्यावर एकदा हिरा तशीच तेलकट केसांनी माझ्याकडे आली. म्हणाली, "मंदे, मला एक उलगडत नाय. घरात नको असलेल्या सासूच्या डोक्याला कोण एवढं तेल चोळतं का गो? त्या दिवशी ती नीट काय म्हणली होती, जरा आठवून सांग ना." मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. "आता इतकं कुठे आठवतं," म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि माझ्या पुढ्यातल्या सुपातून तीही तांदूळ निवडायला लागली. तिला त्याच क्षणी सांगता आलं असतं. ती दोन शिव्या घालून दादरला निघून गेली असती, आणि मला नेमकं तेच नको होतं.

हिरा दादरला असती तर वाचली असती का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांनी बोलायचं ते बोलून टाकलं, "लवकर पोचायला हवं होतं." बाराव्याला आलेल्या बायकाही कुजबुजल्या. ते ओझं मी घेतलंच आहे, घेतल्याशिवाय सुटका नाही. पण मला खचवतं ते दुसरंच. आपण त्या घरात नकोशा आहोत, असं मनात धरून ती दोन वर्षं जगली आणि तसंच धरून गेली. तिने आयुष्यात एक सांगावा कमी-जास्त केला नाही, आणि तिचा स्वतःचा पहिला सांगावा माझ्यासारखीच्या हातात आला.

तीन आठवड्यांपूर्वी महेश आणि रुपाली इथलं घर आवरायला आले. महेश भांडी बांधत होता, रुपाली आणि मी हिराच्या साड्यांच्या घड्या घालत होतो. ती म्हणाली, "मावशी, दादरची ती आतली खोली आम्ही अजून तशीच ठेवली आहे. पलंग टाकून ठेवला होता. कधीतरी कंटाळून येतील म्हणून." दादरला एक खोली दोन वर्षं रिकामी! लोक तिथे खिडकीत कपाट करतात. मग तिने साडी मांडीवर तशीच धरून विचारलं, "तुम्ही आईंना सांगितलं होतंत ना, मी म्हटलं होतं ते?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आणि म्हटलं, "हो." तिने मान खाली घातली. "मग माझ्याच बोलण्यात काही कमी पडलं असेल," म्हणाली आणि पुढची साडी घेतली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता रुपालीचा मला फोन येतो. "मावशी, जेवणाचं काय केलंत? गोळी घेतलीत?" तिला वाटतं, आईंची मैत्रीण एकटी पडली. मी फोनची वाट बघते. साडेसहापासूनच बघते, लाज वाटते तरी बघते. एकटेपणाच्या भीतीने मी हिराचं जे तोडलं, तेच आता मला ताटात वाढून मिळतं आहे आणि मी ते खाते आहे. रोज ठरवते, आज बोलायचं. रोज तिचा आवाज आला की 'घेतली गं गोळी' एवढंच सांगते.

या रविवार पुरवणीच्या संपादकांनी मैत्रिणीविषयी लिहा म्हटलं, तेव्हा मी हिराच्या सेवेबद्दल लिहीन अशी त्यांची समजूत होती. तिची सेवा तालुक्याला माहीत आहे, त्याला माझी गरज नाही. रविवारी तुमच्याकडे हा पेपर येतो, रुपाली. तो वाचून सात वाजता फोन करायचा की नाही ते तुझं तू ठरव, मी काही म्हणणार नाही. पण तुझ्या बोलण्यात काही कमी पडलं नव्हतं. मी तिला सांगितलंच नव्हतं. हिराने तुला नाही म्हटलं नाही गं पोरी, तिला ते कधी कळलंच नाही.