भात्यातलं भोक

सेलूच्या बाजार चौकात माझं फोटोफ्रेमचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून बाबाराव थूलचा स्टुडिओ. तो फोटो काढायचा, मी काच कापून ते भिंतीवर टांगण्याजोगे करायचो. त्या काचेखाली मी इतकी माणसं पाहिली, की पुढे नवीन माणूस ओळखीचा करून घ्यायची हौसच राहिली नाही. त्यातली एक गोष्ट आठवली की अजून तोंड कडू होतं.

बाबारावचा कॅमेरा जुना, वर्ध्याच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाकडून घेतलेला. घडीचा कॅमेरा तो. उघडला की पुढची काच काळ्या चामड्याच्या भात्यासकट बाहेर यायची. त्या भात्याच्या एका घडीत टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं. स्टुडिओत किंवा लग्नाच्या मांडवाखाली त्याचा काही त्रास नसायचा. पण कडक उन्हात कॅमेरा उघडला की ऊन भोकातून आत शिरायचं आणि फोटोत डावीकडे वर पांढरा झोत उमटायचा.

आमच्याकडे माणूस गेला की शेवटचा फोटो काढायची रीत. बहुतेकांचा तो पहिलाच फोटो असायचा. प्रेत अंगणात आणून लोडाला टेकवायचं, भोवती सगळं घर बसवायचं आणि फोटोवाल्याला बोलावणं धाडायचं. त्यामुळे भर उन्हात बाबारावनं काढलेले फोटो म्हणजे मयतांचेच. आणि सवयीनं तो प्रेताचं डोकं नेहमी डावीकडे घ्यायचा.

१९७९च्या वैशाखात गावचे बडे शेतकरी अण्णाजी गेले. फोटो धुऊन आला तर अण्णाजींच्या डोक्यावरून पांढरा झोत वर गेलेला. सारं घर हात जोडून उभं राहिलं. "प्राण निंगून राह्यला अण्णाजीचा! पाहा, देवमाणूस होता!"

बाबाराव म्हणाला, "प्राण नाई जी. भात्याले भोक हाये, त्यातून ऊन शिरलं."

"तुले काय समजते त्यातलं? तुमी लोकं तं देवच मानत नाई."

बाबारावच्या बापाकडे पूर्वी गावकीचं काम होतं. कोणी मेलं की गावोगाव पायी जाऊन सांगून यायचं. छप्पन्न साली बौद्ध झाल्यावर म्हाताऱ्यानं ते काम टाकून दिलं, गावानं दम दिला तरी पुन्हा धरलं नाही. आणि आता मुलगा मयताच्या दारी उभा. प्राण दाखवणारा फोटोवाला म्हणून सगळ्या तालुक्यातून त्याला बोलावणी यायला लागली. ज्या घरांना प्राणाचा फोटो हवा असायचा, तीच घरं त्याला कान तुटलेल्या वेगळ्या कपात चहा द्यायची आणि कप त्यालाच विसळून ठेवायला लावायची. ही माझीच माणसं, माझ्याच जातीची. त्यांचे फोटो फ्रेम करताना मला शिसारी यायची.

"बुजव ना ते भोक," मी म्हणायचो. "फ्रेमच्या पाठीचं काळं कापड आहे माझ्याकडे, चिकटवायला सरस आहे. अर्ध्या तासाचं काम."

"बुजवाले काय लागते, बबनभाऊ? पन त्याच्या दुसऱ्या दिवशी जो मरन, त्याच्या घरचे इचारतीन ना, आमच्या मान्साचा प्राण काऊन नाई गेला म्हनून. मंग काय सांगू?"

त्याची भीती खरी ठरली, तीही भोक न बुजवता. एक्क्याऐंशीच्या श्रावणात गावातल्या रुख्माबाईचा मुलगा वसंता काविळीनं गेला. ऐन तिशीतला पोरगा. त्या दिवशी आभाळ असं भरलं होतं की दुपारी घरात कंदील लावावा लागला. फोटो अगदी स्वच्छ आला. झोत नाही, काही नाही.

रुख्माबाईनं सुनेकडे बोट दाखवलं. कोकिळेनं काहीतरी करून नवऱ्याचा जीव घरात बांधून ठेवला, असं ती दारोदार सांगत सुटली आणि लोकांनी ते मिटक्या मारत ऐकलं. कोकिळेचं अंथरूण गोठ्यात गेलं. कोणी तिच्या हातचं पाणी घेईना. दिवाळीनंतर तिला माहेरी, केळझरला धाडायचं आणि दोन वर्षांचं पोर ठेवून घ्यायचं, असं सासरच्यांनी ठरवलं. ज्यांनी हे ठरवलं त्यांतले तिघेजण रोज माझ्या दुकानासमोर बसून पान खायचे. त्यांच्या पिचकाऱ्यांनी माझी पायरी लाल झाली होती.

बाबारावनं कॅमेरा विकायचं काढलं. म्हणाला, बिनभात्याचा नवा घेतो, या कटकटीतून सुटतो. मात्र भोक बुजवून विकायचा की तसाच, हे त्याचं ठरेना. त्यात एक दिवस बाबाराव माझ्या दुकानात बसलेला असताना ओमप्रकाश आला. हा वर्ध्याचा, जत्राजत्रांतून फोटो काढत फिरणारा. त्यानं कॅमेरा उलटसुलट पाहिला, भाता उन्हाला धरला आणि खूश झाला.

"छेद बुझवू नका, बाबारावजी. वही तो माल है. असाच द्या, नव्या कॅमेऱ्याचा भाव देतो. बुझवला तर मले नको."

मग तो आणखी जवळ सरकला. "त्या रुख्माबाईच्या पोराचा प्राण फोटोत अडून राह्यला ना? फोटोचाच फोटो काढा उन्हात. उजेड येते. बुढी खूश, बहू खूश. बाद में मले द्या."

मी त्याला दुकानातून हाकललं. पण वळून पाहिलं तर बाबाराव हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत बसलेला.

"पोर वाचते तिचं, बबनभाऊ," तो म्हणाला. "एका खोट्या फोटोनं पोर वाचते. अन् आज बुजवलं तं तेबी नाई होत."

मला राग आला. भल्या माणसाला असल्या घाणीत हात घालायची वेळ यावी, याचा.

दुसऱ्या दिवशी कोकिळाच स्टुडिओत आली. काखेत वसंताचा फोटो, पदरात गुंडाळलेला. ओमप्रकाशनं जाता जाता रुख्माबाईच्या कानात सगळं घातलं होतं, आणि रुख्माबाईनं सुनेला फर्मावलं होतं, उजेड पाडून आण, नाहीतर केळझरची वाट धर. म्हणजे युक्ती कळली होती सासूला. उजेड पाडता येतो हे कळूनही तिला तो हवाच होता!

बाबारावनं कोकिळेला आत बोलावलं, मीही गेलो. खोलीत अंधार केला, भात्यात विजेरी धरली. काळ्या चामड्यावर एक बारीक ठिपका चमकला.

ती वाकून बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच हाये, बाई. त्या दिवशी ऊन नोतं, म्हनून उजेड नाई आला. आता उन्हात धरतो म्हनलं तं येईन. मले ते करू वाटत नाई, पन तुह्या पोरासाठी करतो. तू सांग."

कोकिळेनं नवऱ्याचा फोटो छातीशी धरला. "नोका. यांच्यावर खोटा उजेड नोका पाडू. माहा काढा."

"तुहा?"

"हो. उन्हात. जसे मेलेल्याचे काढता तसाच काढा."

स्टुडिओमागच्या अंगणात, डोक्यावर ऊन असताना, ती भिंतीला टेकून बसली. बाबारावनं तिचं डोकं डावीकडे घेतलं. फोटो काढून झाल्यावर त्यानं आत जाऊन रोल काढून घेतला, कॅमेरा माझ्या फळीवर आणून ठेवला आणि म्हणाला, "बबनभाऊ, कापड द्या." आम्ही दोघांनी मिळून भोक बुजवलं. कोकिळा उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

संध्याकाळी ओमप्रकाश पैसे घेऊन हजर. त्यानं भाता उघडून काळी चकती पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अच्छा खासा माल खराब कर दिया!" मग रस्त्यावर थुंकून निघून गेला. पुढे तो कॅमेरा एका शाळामास्तरानं साध्या भावात नेला.

फोटो धुऊन आला. मी फ्रेम केली, पैसे घेतले नाहीत. कोकिळेबरोबर आम्ही दोघेही तिच्या सासरी गेलो. ओसरीवर पान खाणारे ते तिघेही बसलेले होते. तिनं फ्रेम सासूच्या मांडीवर ठेवली. फोटोत कोकिळा बसलेली, डोळे उघडे, आणि डोक्यावरून पांढरा झोत वर गेलेला.

"पाहा आत्याबाई, माहा बी प्राण निंगून गेला. मेलेल्या बाईले माहेरी कसं धाडता? अन् तिचं पोर कोणापासून तोडता?"

तिघांपैकी एकजण खोकला आणि चप्पल शोधायला लागला. रुख्माबाई फोटोवरून अंगठा फिरवत बसली होती. तिच्या सुनेचा जिवंत चेहरा आणि तो झोत, दोन्ही तिच्या अंगठ्याखाली.

"त्या दिवशी आभाय भरून आलतं," ती म्हणाली. "मले दिसत होतं. मीनंच कंदील लावलता."

"मंग?" कोकिळेनं विचारलं.

"मंग मी कोणावर राग काढू व? देवावर निंगत नाई तो."

मला तिची कीव आली नाही, अजूनही येत नाही. कोकिळा मात्र आत गेली, पोराला उचललं, आणि सासूनं इतके दिवस धान्याच्या कोठीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेला वसंताचा तो स्वच्छ फोटो स्वतःच्या हातानं ओसरीच्या खुंटीला टांगला.