नटीच्या ब्लाउजची पाठ

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी कोपऱ्यात चिंध्या साठत जातात. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या सरावलीच्या चाळीतल्या किश्श्यांचं माझ्याकडे तसंच झालंय. मी काही कोणाच्या घरात डोकावायला जात नव्हते. पण विहिरीची वाट माझ्या ओट्यावरून, आणि शेजारच्या कुसुमच्या अन् माझ्या खोलीत भिंत म्हणजे नुसता कुड. आता कान काय काढून ठेवायचे?

तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचे हे तिथे स्टोअरला होते. चाळीत कोणी कोल्हापूरकडचं, कोणी खानदेशातलं, कोणी नागपूरकडचं. प्रत्येकीच्या भाजीची चव वेगळी, पण दिसायचं मात्र सगळ्यांना एकाच नटीसारखं! तिचं नाव घेत नाही. न्हाव्याच्या दुकानापासून रेशनच्या दुकानापर्यंत भिंतीवर तीच असायची, तेव्हा ओळखालच.

कुसुमचा नवरा त्याच बांधकामावर होता. काविळीने गेला. कुसुम सव्वीस वर्षांची. पालघरहून तिचा भाऊ दत्ता न्यायला आला, तर ही म्हणाली, "दादा, वहिनीचं मशीन नुसतं पडून आहे ना? ते मला दे. मी इथे ब्लाउज शिवते."

दत्ता माणूस वाईट नव्हता. पण बायकोचं मशीन, आणि बायको तशी तापट. तो म्हणाला, "अक्षय्यतृतीयेपर्यंत बघू. नाही चाललं तर मशीन आणि तू, दोघी परत पालघरला."

म्हणजे जन्मभर वहिनीच्या चुलीपुढे. हे त्याने बोलून दाखवलं नाही. कुसुमला कळलं, मलाही कळलं.

*

पहिलं गिऱ्हाईक नलू. दोन खोल्या सोडून राहायची, नवरा कारकून. मासिकातलं एक पान घडी घालून पदराखाली लपवून आणलं.

"कुसुमताई, मला हिच्यासारखा ब्लाउज पाहिजे. डिट्टो."

कुसुमने पान खिडकीशी नेलं. गळा बघितला, बाही बघितली. मग म्हणाली, "आणि पाठ?"

"पाठीचं काय?"

"चित्रात पाठ कुठे आहे?"

नटी समोरून हसत होती. आम्ही तिघींनी पान उलटून बघितलं. मागे डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात होती.

नलूचा चेहरा उतरला. "मग मी स्टेशनवरच्या शिंपी मास्तरकडे विचारते," म्हणाली. पहिलंच गिऱ्हाईक उठायला लागलेलं. कुसुमने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या पानाच्या डब्यातून एक विड्याचं पान उचललं. केळव्याच्या मळ्यातलं, चांगलं कोवळं. ते ब्लाउजच्या कापडावर पालथं ठेवलं आणि खडूने भोवती रेघ ओढली.

"पाठीला असं पान कापायचं. वर बारीक नाडी."

"नटीचं असंच आहे?"

कुसुम खोटं बोलणारी नव्हे. ती खडूची रेघ गडद करत राहिली. तेव्हा मीच म्हणाले, "असंच! मी तिचा सिनेमा बघितलाय ना. पालघरला, तंबूत. दुसऱ्या रांगेतून!"

सिनेमा मी बघितला नव्हता. पान मात्र माझं होतं.

*

नलू ते ब्लाउज घालून विहिरीवर गेली, आणि आठ दिवसांत कुसुमकडे मापाचे सात ब्लाउज येऊन पडले. तेव्हा टेपने माप घेऊ देत नसत बायका. जुना ब्लाउज द्यायचा आणि सांगायचं, "ह्याच्यापेक्षा बोटभर सैल."

सातपाटीहून हिराबाय मासळी घेऊन यायची. पाटी उतरवून घटकाभर कुसुमच्या दारात टेकायची. एक दिवस तिने भिंतीवरचं चित्र बघितलं. नटीचा बिनबाह्यांचा ब्लाउज.

"कोन गं ही? हिच्या बाह्या खंय गेल्या?"

"फॅशन आहे हिराबाई."

"फॅशन कसली? कापड कमी परला आसल!"

मग बराच वेळ चित्राकडे बघत बसली. जाताना हळूच म्हणाली, "माज्या पोरीला पन एक शिव. पन बाह्या ठेव. आन् पाठीवरचा पान ल्हान काप. आमच्या सातपाटीला वारा लय हाय."

*

नटीचा अंबाडा उंच. टोपली उपडी घातल्यासारखा. पलीकडच्या खोलीतल्या शालूचे केस म्हणजे उंदराची शेपटी, आणि तिला बघायला वसईहून पाहुणे येणार होते. तिने काय करावं? नारळाची अर्धी करवंटी घासून गुळगुळीत केली. कुसुमने करवंटीला काळ्या कापडाची खोळ शिवून दिली. वरून केस फिरवून पिना मारल्या. अंबाडा असा झाला की शालूची आईसुद्धा म्हणाली, "बाई गं, ही कोणाची मुलगी?"

मी पोहे द्यायला म्हणून गेले होते. कोणीतरी द्यायला हवेच ना.

शालू आली, बसली, प्रश्नांची उत्तरं दिली. सगळं नीट. शेवटी मुलाच्या आईला वाकून नमस्कार केला, आणि करवंटी सुटली. टुणकन खाली पडली, गोल फिरली आणि जाऊन त्या बाईंच्या अंगठ्याला टेकली.

शालूच्या आईने पदर तोंडाला लावला. बाईंनी ती उचलली. आतून बघितली, बाहेरून बघितली.

"आमच्याकडे नारळ देतात तो खोबऱ्यासकट देतात हो!"

मुलगा इतका हसला की त्याच्या नाकात पोहे गेले. लग्न जमलं, मुहूर्त ज्येष्ठातला. लग्नाचे अकरा ब्लाउज कुसुमकडेच आले. दत्ताच्या मुदतीला तेव्हा तीन महिने उरले होते, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, चाललं म्हणायचं हिचं मशीन.

*

पुरुष काही कमी नव्हते. बाबूराव म्हणून एक फिटर होता, साताऱ्याकडचा. त्याने कुठल्याशा नटाची पँट बघितली. नळीसारखी, पायाला चिकटलेली. स्टेशनवरच्या मास्तरने त्याला "मी माणसांचे कपडे शिवतो" म्हणून परत पाठवलं. तो कुसुमच्या दारात उभा राहिला. पुरुषांचं काम ती घेत नसे, पण बाबूराव काकुळतीला आला होता. "वहिनी, आहे त्याच पँटला नुसती दोन्हीकडून शिवण मारा. कोणाला सांगत नाही."

कुसुमने मारली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण होता. बाबूराव आला ती पँट घालून. सगळे सतरंजीवर बसले. बाबूरावने गुडघा वाकवून बघितला, शिवण कुरकुरली, तसा तो सरळ झाला. हात जोडून उभा राहिला तो पाचही अध्याय संपेपर्यंत. आमचे हे दोनदा म्हणाले, "बसा की!" त्याने नुसती मान हलवली. कपाळावरून घाम गळत होता.

आरती झाल्यावर भटजींनी पहिला प्रसाद त्याला दिला.

"एवढी भक्ती मी या तालुक्यात बघितली नाही!"

*

स्टेशनवरच्या मास्तरला हे सगळं कळत होतं. त्याची गिऱ्हाइकं सरावलीकडे वळलेली. एक दिवस नलू गाडीतून उतरली तेव्हा त्याने दुकानातूनच विचारलं, "ते पाठीवर पान कोणाचं?"

नलूने नटीचं नाव सांगितलं.

"छट्! माझा मेहुणा मुंबईला स्टुडिओत कपडे शिवतो. तिची पाठ साधी असते, हुकवाली. तुम्हाला बनवलंय!"

नलू तरातरा चाळीत आली. संध्याकाळपर्यंत चार बायकांनी आपापलं कापड परत नेलं. चोरी झाल्यासारखं तोंड करून नेलं. शालूच्या आईने तर माझ्यासमोर येऊन विचारलं, "काकू, तुम्ही दुसऱ्या रांगेतून बघितलंत ना?"

"बघितलं म्हणजे काय!" मी म्हणाले. जीभ दिली देवाने, ती चालते.

तशात बातमी आली की ती नटी शूटिंगसाठी केळव्याला येतेय. समुद्रावर. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी.

नलू म्हणाली, "आता बघूच!"

*

आम्ही नऊ जणी निघालो. केळवे रोडला उतरून टांगे केले. कुसुमही आली. तिला नको म्हणायला मला सुचलं नाही. दत्ताचा निरोप आदल्याच दिवशी आला होता की परवा गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव. चार बायकांचं कापड परत गेल्यावर बाकीच्याही थांबल्या होत्या. मशीनवर पंधरा दिवसांत दोरा चढला नव्हता.

टांग्यात मी तिच्या कानाशी म्हटलं, "कुसुम, मी तो सिनेमा बघितलेला नाही गं."

"माहीत आहे काकू," ती म्हणाली. "तो सिनेमा लागला होता त्या आठवड्यात तुम्ही माझ्याकडे रोज हरभरे निवडत बसायचात."

सुरूच्या झाडांखाली खुर्चीवर नटी बसली होती. अंगावर शाल गच्च गुंडाळलेली. आम्ही दोन तास उन्हात उभ्या. मग तिने शाल काढली आणि पाण्याच्या कडेने पळायला लागली, पण तोंड आमच्याकडे! कॅमेरा आमच्या बाजूला होता, गर्दी अडवायची दोरीही आमच्याच बाजूला. चारदा पळाली, चारदा समोरून. प्रत्येक वेळी मागे फिरायच्या आत एक बाई धावत जाऊन तिच्या अंगावर शाल टाकायची.

तेवढ्यात हिराबाय आली. तिची बहीण केळव्यात दिलेली, तिच्याकडे आली होती. तिला सगळं सांगितलं. तिने दोरी उचलली आणि चालायला लागली.

"ए बाई, पीछे हटो! पीछे!" कोणीतरी ओरडलं.

"दर्या काय तुज्या बापाचा हाय?"

ती पुढे, आम्ही नऊ जणी मागे. तिने थेट पाण्यातून वळसा घातला. साड्या गुडघ्यापर्यंत भिजल्या. आम्ही नटीच्या मागे पोचलो तेव्हा ती पाचव्यांदा पळायला उभी होती आणि शाल खाली होती.

पाठीला पान नव्हतं. हुकही नव्हते. ब्लाउज तिला वीतभर ढगळ होता आणि मागे कापड चिमटून पाच सेफ्टी पिना लावल्या होत्या.

नलूने पिना दोनदा मोजल्या. हिराबाय म्हणाली,

"अगं बाय! येवरी मोठी बाय, आन् हिच्या घरात शिवनारा कोन नाय?"

*

परतीच्या गाडीत कुसुम खिडकीला डोकं टेकून बसली होती. नलू आणि शालू हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी पहिल्यांदाच कान दिला नाही.

सकाळी दत्ता बैलगाडी घेऊन आला. जेवायलाही थांबायचं नव्हतं त्याला. कुसुमने ट्रंक बांधून ठेवली होती. दत्ताने मशीनच्या पायांना दोर आवळायला घेतला. मी दारात उभी होते. मशीनवरचा खडूही कुसुमने पुसून पुडीत बांधला होता, तेवढं मला बघवलं नाही.

तेवढ्यात नलू आली. हातात नवं कापड, वर मापाचा ब्लाउज. तिच्या मागे शालूची आई. तिच्या मागे कापड परत नेलेल्या इतर दोघी. ओट्यावर माझ्या दारापर्यंत रांग.

"कुसुमताई," नलू म्हणाली, "पाठ ढगळ ठेवायची. वीतभर. आणि पिना पाच."

"मधली जरा तिरकी," शालूची आई मागून म्हणाली. "तिची तिरकी होती. मी नीट बघितलंय."

दत्ता हातात दोर धरून तसाच राहिला. "ही काय भानगड आहे?"

कुसुमने एकदा नलूकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पुडी सोडून खडू काढला.

"दादा, तो दोर सोड. पायडल अडकतंय."

आणि रांगेकडे वळून म्हणाली, "शिवते. पिना मात्र जिच्या तिने घरून आणायच्या!"